हैदराबादचा मेसेज मासा दाखवतो, पण खडपातला हेकरू राखायचा आपणच



हैदराबादला समुद्र नाही, तरी मासा कुठे लागेल याचा मेसेज आपल्या मोबाईलवर तिथूनच येतो. ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था 1999 पासून तिथे आहे. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि रंग बघून ती आपल्याला जागा कळवते. लाटांचे इशारेही तीच देते. गरम पाण्यानं प्रवाळ पांढरं पडायला लागलं, तर लक्षद्वीप, अंदमान, कच्छ आणि मन्नारच्या आखातासाठी तसा इशाराही तिथूनच निघतो.

बांगडा, तारली, कुपा यांना हा मेसेज उपयोगी, कारण हा मासा फिरता. हेकरूचं तसं नाही. हेकरू, म्हणजे मालवणकडचा गोबरा, एकाच खडपात वर्षानुवर्षं राहतो. त्याची जागा एकदा जीपीएसमध्ये भरली की खडप रिकामं व्हायला वेळ लागत नाही. पूर्वी केवढे हेकरू मिळायचे, ते घरातल्या जुन्या तांडेलांना विचारा.

यात एक गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल. बहुतेक जातींचा हेकरू आधी मादी असतो, मोठा झाल्यावर नर होतो. म्हणजे मोठे मासे वेचून काढले तर नर संपतात, आणि बारके काढले तर उद्याच्या माद्याही जातात आणि नरही. त्यात अंडी घालायला हे मासे ठरावीक वेळी एका जागी गोळा होतात. तेव्हा जाळं भरतं खरं, पण पुढची कित्येक वर्षं रिकामी जातात.

कॅरिबियन समुद्रात लिटल केमन बेटाजवळ हेच झालं. 2001 साली हेकरूच्याच एका भाऊबंदाची अशी जागा सापडली आणि बघता बघता हजारो मासे उचलले गेले. 2003 मध्ये तिथे बंदी आली. पुढच्या पंधरा वर्षांत मासा तिपटीहून जास्त वाढला.

बंदी म्हटलं की पोटावर पाय येतो, हे आम्हालाही कळतं. हप्ते, डिझेल, बर्फ कोणासाठी थांबत नाही. पण 1 जून ते 31 जुलै बोटी किनाऱ्याला लावतो, ते पुढच्या हंगामासाठीच ना? 2023 मध्ये राज्यानं 54 जातींना किमान आकार ठरवून दिला. पापलेट 135 मिलिमीटर, सुरमई 370. हेकरूसाठी आपणही काही पाळूया :

• गाभोळीचे हेकरू एकाच जागी लागायला लागले, की तिथून बाजूला व्हायचं. ती जागा ग्रुपवर टाकायची नाही.
• गळ मोठा वापरायचा. खोलातून ओढलेल्या हेकरूचं पोट हवेनं फुगतं, सोडला तरी बहुतेकदा जगत नाही. म्हणून बारका लागूच नये हे बरं.
• जायंट ग्रुपर वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. त्याला हात लावायचा नाही.

तुमच्या बंदरातल्या खडपांवर आता काय मिळतं? येत्या बैठकीत सांगा. तांडेल, खलाशी, बाजारात बसणाऱ्या आपल्या बायका, सगळ्यांनी या. नियम आपणच केला, तर तो पाळलाही जाईल.