मोटारीच्या एंजिनाची परीक्षा

बारामती व इंदापूर तालुक्यांतील बागाइतदारांचा मोटारीच्या इंधनाशीं दुहेरी संबंध आहे. पेट्रोल ते विकत घेतात आणि त्यांत मिसळणाऱ्या इथेनॉलासाठीं ऊसहि तेच पिकवितात. सन २०२५ मध्यें हें मिश्रण देशभर सुमारें २० टक्क्यांवर आलें. मोटार अडखळली कीं कोणी सारा दोष इथेनॉलावर लादतात, तर कोणी उसाच्या अभिमानानें तो मुळींच मानीत नाहींत. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं आधीं एंजिन तपासावें.

इथेनॉलांत पेट्रोलाहून उष्णता सुमारें एकतृतीयांश कमी असते. पेट्रोलासाठीं बनविलेल्या व १० टक्के मिश्रणास जुळविलेल्या मोटारींची धाव ६ ते ७ टक्क्यांनीं घटेल, असा अंदाज नीति आयोगाच्या सन २०२१ च्या अहवालांत आहे. अर्थात् लिटरमागें १५ किलोमीटर धावणारी गाडी १४ वर आली, तर तो इंधनाचा गुण समजावा. १० वर आली, तर दोष अन्यत्र शोधावा.

प्रथम दोष केव्हां दिसतो तें पाहावें. चढावर जोर कमी पडत असेल, तर इंधनाची गाळणी तपासावी; इथेनॉल टाकींतील जुना गाळ सुटा करितें. तें पाणीहि ओढून घेतें. म्हणून बरेच महिने उभी राहिलेली गाडी अडखळल्यास टाकीच्या तळाशीं पाणी सांचल्याचा संशय घ्यावा. ऊसवाहतुकीच्या धुळींत हवेची गाळणी लवकर कोंदते.

उभ्या गाडीचें एंजिन थरथरत असेल, तर प्लग काढून पाहावे. टोंक फिकट तपकिरी असल्यास ठीक. कोरडी काजळी असल्यास पेट्रोल जास्त. तेलकट असल्यास सिलिंडरांत तेल उतरतें. पांढरें पडल्यास उष्णता फार. एप्रिल २०२३ पूर्वींच्या गाडींतील रबरी नळ्या अवश्य पाहाव्या. पेट्रोलाचा वास येत असल्यास गाडी सुरूच करूं नये.

नव्या गाडींत दोषसूचक दिवा लागतो आणि तपासणीचें यंत्र दोषाचा क्रमांक सांगतें. परंतु ‘मिश्रण पातळ’ एवढें कळल्यानें गाळणी तुंबली कीं नळीस चीर पडली, याचा निर्णय होत नाहीं. तो पाहूनच करावा लागतो. म्हणून कारागिराकडून एका वेळीं एकच भाग बदलवावा, गाडी चालवून पाहावी आणि काढलेला भाग परत मागून घ्यावा.

पान पिवळें पडलें म्हणजे जाणता शेतकरी खताचें पोतें फोडण्यापूर्वीं मूळ उकरून पाहतो. मोटारीसहि तोच न्याय लावावा.