रेशनवरचे तोफगोळे

17 फेब्रुवारी 2024 रोजी युक्रेनच्या सैन्यानं अव्दीवका सोडलं. दोनेत्स्कच्या वेशीवरचं हे छोटं शहर 2014 पासून, म्हणजे जवळपास दहा वर्षं, आघाडीवर टिकून होतं. तिथला अवाढव्य कोक कारखाना, त्याच्या भोवतीचे खंदक, जमिनीखालच्या खोल्या, सगळं दहा वर्षांत पक्कं झालेलं. शेवटच्या महिन्यांत मात्र तोफा होत्या आणि गोळे नव्हते. समोर रशियन सैनिक जमताना ड्रोनच्या पडद्यावर स्पष्ट दिसायचे. पण दिवसाचा कोटा ठरलेला, आणि चार-पाच माणसांच्या टोळीसाठी त्यातला गोळा खर्च करायला परवानगी मिळायची नाही. मग ती टोळी खंदकापर्यंत पोहोचायची आणि पुढचं काम पायदळाला बंदुकीनं करावं लागायचं.

त्याच वेळी आठ हजार किलोमीटरवर, वॉशिंग्टनमध्ये, सुमारे 61 अब्ज डॉलरच्या मदतीचं विधेयक अडकलं होतं. तत्कालीन अध्यक्ष बायडन यांनी हा निधी ऑक्टोबर 2023 मध्ये मागितला होता. अमेरिकी काँग्रेसमधल्या भांडणाचा विषय प्रामुख्यानं मेक्सिकोची सीमा आणि तिथून येणारे स्थलांतरित हा होता. विधेयकावर सही झाली 24 एप्रिल 2024 ला. त्याच्या दोनच आठवडे आधी युरोपातल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल क्रिस्टोफर कावोली यांनी काँग्रेसपुढे सांगितलं होतं की युक्रेनच्या एका गोळ्याला रशिया पाच गोळ्यांनी उत्तर देतो आहे, आणि मदत आली नाही तर काही आठवड्यांत हे प्रमाण एकास दहा होईल.

परदेशी लष्करी मदतीबद्दल आपल्याकडे चर्चा होते ती अब्जांच्या आकड्यांची, नाहीतर एखाद्या नव्या अस्त्राच्या कौतुकाची. झिजवण्याच्या युद्धात या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मदतीचं वेळापत्रक. लोडशेडिंगमधल्या शेतकऱ्याचं जसं असतं तसं: विहिरीत पाणी आहे, मोटार आहे, पीक करपतंय हे डोळ्यांना दिसतंय, पण पाणी द्यायचं ते वीज येईल तेव्हा, मग रात्रीचे दोन का वाजेनात. युक्रेनच्या सेनापतींनी कित्येक हल्ले केले, कित्येक टाळले आणि कित्येक गावं सोडली ती अशीच, दुसऱ्यांच्या संसदांचं आणि कारखान्यांचं घड्याळ पाहून.

कारखान्यांचं घड्याळ का हलत नाही, हे एका तोफगोळ्याकडे नीट पाहिलं की कळतं. 155 मिलिमीटर व्यासाचा, साधारण दोन फूट उंचीचा, त्रेचाळीस ते सत्तेचाळीस किलो वजनाचा हा पोलादी दंडगोल. पेनसिल्व्हानियातल्या स्क्रँटन इथं, एकेकाळी रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीसाठी बांधलेल्या इमारतींमध्ये, पोलादाचे ठोकळे लालभडक तापवून दाबयंत्राखाली घालतात आणि आतून पोकळ करतात. ही कवचं मग आयोवातल्या कारखान्यात जातात आणि तिथं त्यांत स्फोटक ओततात. टीएनटी बनवणं अमेरिकेनं 1980 च्या दशकातच बंद केलं होतं; ते पोलंडहून यायचं. केंटकीत नवा टीएनटी कारखाना उभारायचं कंत्राट दिलं गेलं ते 2024 च्या नोव्हेंबरात, युद्धाला पावणेतीन वर्षं होत आली तेव्हा. गोळा तोफेबाहेर फेकणारी दारू वेगळी. तिला नायट्रोसेल्युलोज लागतं आणि ते बनतं सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून. युरोपातले दारूगोळा कारखाने या तंतूंसाठी मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून होते. पोलाद, स्फोटक, दारू, फ्यूज: यातलं एक जरी अडलं तरी उरलेलं सगळं गोदामात पडून राहतं.

युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिका महिन्याला सुमारे 14 हजार गोळे बनवत होती. 2023 च्या उन्हाळ्यातल्या प्रतिहल्ल्यात युक्रेन दिवसाला पाच-सहा हजार गोळे उडवत होतं. म्हणजे महिनाभराचा माल तीन दिवसांत संपला असता. युरोपीय संघानं मार्च 2023 मध्ये एका वर्षात 10 लाख गोळे देण्याचं वचन दिलं. मुदत संपली तेव्हा निम्मे पोहोचले होते. शीतयुद्ध संपल्यावर तीस वर्षं ऑर्डरच नव्हत्या, तेव्हा दाबयंत्रं विकली गेली, कारागीर निवृत्त झाले. अशी यंत्रं पैसे मंजूर केल्याच्या दुसऱ्या दिवशी येत नाहीत. कारखानदार विचारतात की पुढची दहा वर्षं घेणार का, आणि सरकारांची मजल एका अर्थसंकल्पापलीकडे जात नाही.

या टंचाईनं मदतीचं रूपही बदललं. जुलै 2023 मध्ये अमेरिकेनं युक्रेनला छोटे छोटे बाँब विखुरणारे क्लस्टर गोळे दिले, शंभराहून अधिक देशांनी करार करून ज्यांवर बंदी घातली आहे ते. अमेरिका, रशिया, युक्रेन आणि आपण, कुणीच त्या करारात नाही. बायडन यांनी कारण उघड सांगितलं: साधे गोळे संपत आले आहेत. न फुटलेले छोटे बाँब पुढची कित्येक वर्षं युक्रेनच्या शेतांत पडून राहतील, आणि त्यामागे तोफगोळे बनवणाऱ्या कारखान्यांची अपुरी क्षमता आहे, हे मला फार अस्वस्थ करणारं वाटतं.

मग जगभर शोधाशोध सुरू झाली. चेक प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पेत्र पावेल यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये म्युनिकच्या परिषदेत सांगितलं की युरोपबाहेर त्यांना आठ लाख गोळे सापडले आहेत, फक्त पैसे हवेत. विकणाऱ्या देशांची नावं गुप्त राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात रॉयटर्सनं बातमी दिली की भारतीय कंपन्यांनी युरोपीय ग्राहकांना विकलेले तोफगोळे पुढे युक्रेनला गेले आणि मॉस्कोनं नाराजी कळवूनही दिल्लीनं तो व्यापार थांबवला नाही. परराष्ट्र मंत्रालयानं ही बातमी दिशाभूल करणारी ठरवून फेटाळली. तोफगोळ्यांच्या कामातल्या आपल्या दोन मोठ्या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं महाराष्ट्रात आहेत, म्युनिशन्स इंडियाचं पुण्यात आणि यंत्र इंडियाचं नागपुरात अंबाझरीला. आणि दुसरी बाजूही सांगायला हवी: युद्धापूर्वी भारताच्या कच्च्या तेलाच्या आयातीत नगण्य असलेलं रशियन तेल नंतर एक तृतीयांशाच्या वर गेलं. झिजवण्याच्या युद्धात लढणाऱ्याचा खजिना कोण भरतं हाही रसदीचाच भाग असतो.

मदतीला उशीर होण्याचं दुसरं मोठं कारण धास्ती. रशियाकडे अण्वस्त्रं आहेत, आणि कोणतं हत्यार दिलं की पुतिन कुठवर जातील याचा अंदाज बायडन प्रशासन सतत घेत राहिलं. ही धास्ती खोटी नव्हती. 2022 च्या शरदात रशियन सैन्य खार्कीव भागातून पळत असताना वॉशिंग्टनमध्ये अण्वस्त्रवापराची शक्यता गांभीर्यानं तपासली जात होती. पण तिचा परिणाम असा झाला की प्रत्येक हत्यार आधी नाकारलं गेलं, मग महिनोन्महिने चर्चेत राहिलं आणि शेवटी मिळालं. हायमार्स रॉकेटं जून 2022 च्या अखेरीस आली आणि ऐंशी किलोमीटरच्या टप्प्यातली रशियन दारूगोळा कोठारं धडाधड उडाली. रशियानं कोठारं मागं नेली, लहान केली, विखुरली. पुढे रॉकेटांचा जीपीएस चुकवणारी जॅमिंग यंत्रणा बसवली. लांब पल्ल्याची अटॅकम्स क्षेपणास्त्रं प्रथम वापरली गेली ऑक्टोबर 2023 मध्ये, आणि ती रशियाच्या हद्दीत डागायची मुभा मिळाली नोव्हेंबर 2024 मध्ये. तोपर्यंत बरीच विमानं मागच्या तळांवर गेली होती. एफ-16 विमानांचं तेच. प्रशिक्षणाला होकार मे 2023 मध्ये, विमानं हाती ऑगस्ट 2024 च्या सुमारास.

रणगाड्यांच्या उशिराची किंमत सर्वांत जड पडली. जर्मनीचे लेपर्ड आणि अमेरिकेचे अब्राम्स देण्याचा निर्णय 25 जानेवारी 2023 ला झाला. प्रतिहल्ला जूनमध्ये सुरू झाला. मधल्या काळात रशियानं झापोरीझिया भागात सुरुंगांचे पट्टे, रणगाडारोधक चर, काँक्रीटचे सुळे अशा एकामागून एक फळ्या उभ्या केल्या. पश्चिमेकडून घाईनं प्रशिक्षण घेऊन आलेल्या नव्या ब्रिगेडी ओरिखीवच्या दक्षिणेला पहिल्याच दिवसांत सुरुंगांत अडकल्या. लेपर्ड रणगाडे आणि ब्रॅडली चिलखती गाड्यांचे जळके सांगाडे एकाच शेतात दिसणारी छायाचित्रं जगभर गेली. त्या हल्ल्याला विमानांचं छत्र नव्हतं. नाटोच्या कुठल्याही सेनापतीनं आपलं सैन्य अशा स्थितीत पुढे ढकललं नसतं.

आणि जे आलं ते एका जातीचं नव्हतं. अमेरिकेची एम-777, फ्रान्सची सीझर, जर्मनीची पीझेडएच-2000, पोलंडची क्राब, स्वीडनची आर्चर. व्यास सगळ्यांचा 155, पण सुटे भाग वेगळे, दारूचे चार्ज वेगळे, मारगिरीची कोष्टकं वेगळी. नळ्या झिजल्या की त्या बदलायला तोफा सीमेपार न्यायच्या, पोलंडला, स्लोव्हाकियाला. मदतीच्या यादीत मोजलेली तोफ आणि आज सकाळी डागायला तयार असलेली तोफ यांत मोठं अंतर होतं.

रशियालाही परदेशी मदत लागलीच. इराणची शाहेद ड्रोन 2022 च्या शरदापासून कीव्हवर आदळू लागली. नंतर ती रशियातच, तातारस्तानातल्या येलाबुगा इथं बनू लागली. उत्तर कोरियाकडून तोफगोळ्यांचे हजारो कंटेनर आले, 2024 अखेर रशियाच्या कुर्स्क भागात लढायला सैनिकही आले. या गोळ्यांचा दर्जा खराब होता, काही फुटायचेच नाहीत. पण प्याँगयाँगमध्ये विरोधी पक्ष नाही, समिती नाही, निवडणूक नाही. रसद ठरल्या दिवशी निघत राहिली, आणि झिजवण्याच्या लढाईत दर्जापेक्षा सातत्य पुष्कळदा भारी पडतं.

मदतीमुळे हे युद्ध लांबलं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या मनात शांततेची इच्छा खरी असते. पण मदत नसती तर 2022 मध्ये शांतता आली नसती, ताबा आला असता. आणि ताब्याचा अर्थ काय ते कीव्हजवळच्या बुचाच्या रस्त्यांवर पडलेल्या नागरिकांच्या प्रेतांत जगानं पाहिलं. मला दिसतं ते असं की युद्ध लांबवलं मदतीच्या धरसोडीनं. दर वेळी विधेयक अडकलं, दर वेळी एखाद्या राजधानीत सरकार डळमळलं, की क्रेमलिनला आणखी सहा महिने थांबण्याचं कारण मिळालं. 28 फेब्रुवारी 2025 ला ओव्हल ऑफिसमध्ये ट्रम्प आणि झेलेन्स्की यांचा उघड वाद झाला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रं आणि गुप्तवार्ता दोन्ही थांबली, 11 मार्चला जेद्दातल्या चर्चेनंतर पुन्हा सुरू झाली. आठवडाभराचाच खंड, पण वाटाघाटीच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला त्यातून कळलं की हा नळ बंद करता येतो.

युक्रेननं यातून वाट काढली ती स्वतःच्या कारखान्यांतून. 2024 मध्ये त्यांनी 20 लाखांहून अधिक ड्रोन बनवल्याचं सरकार सांगतं. तोफगोळ्याचं बरंचसं काम आता काही शे डॉलरचं, स्फोटक बांधलेलं, कॅमेऱ्यातून पाहत उडवायचं एफपीव्ही ड्रोन करतं. दोन्ही बाजूंचे मरणारे किंवा जायबंदी होणारे बहुतांश सैनिक ड्रोनचेच बळी असतात. डेन्मार्कनं 2024 मध्ये आणखी शहाणपणाचा मार्ग काढला. हत्यारं पाठवण्याऐवजी युक्रेनच्याच कारखान्यांना पैसे दिले, आणि त्यातून देशी बोहदाना तोफा काही महिन्यांत तयार झाल्या. माझ्या मते या युद्धातली सर्वांत उपयोगी मदत हीच होती.

तरी एक गोष्ट घरी बनत नाही. कीव्हवर येणारी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं भरवशानं पाडते ती पॅट्रियट यंत्रणा, आणि तिचं एक आधुनिक क्षेपणास्त्र पडतं सुमारे चाळीस लाख डॉलरना. वर्षभरात अशी काही शेच बनतात. ती इस्रायलजवळच्या अमेरिकी तळांना हवीत, आखाताला हवीत, तैवानच्या चिंतेनं आशियातही हवीत. जुलै 2025 च्या सुरुवातीला पेंटागॉननं स्वतःचा साठा कमी होतोय म्हणून काही खेपा रोखल्या आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सोडल्या. त्याच महिन्यात नवी व्यवस्था ठरली: हत्यारं अमेरिकेची, पैसे युरोपचे. जर्मनीनं आपल्या दोन पॅट्रियट यंत्रणा युक्रेनला द्यायचं कबूल केलं, पण आपली नवी यंत्रणा आधी मिळाली पाहिजे या अटीवर. आणि तटस्थ स्वित्झर्लंडला, ज्यानं पाच पॅट्रियट यंत्रणांची ऑर्डर कधीच दिली होती, त्याला वॉशिंग्टननं कळवलं की तुमचा माल उशिरा येईल, तुमच्या पुढे युक्रेनला मदत करणारे देश आहेत.