आप्पांची साडेसदतीस मिनिटं

आमच्या पनवेलच्या लाइन आळीतल्या घरात आप्पा पत्रिका मांडायला बसले की पहिलं काम असायचं साडेसदतीस मिनिटं वजा करण्याचं. देशभरातली घड्याळं चालतात साडेब्याऐंशी अंश रेखांशाच्या वेळेवर. पनवेल ७३ अंशांच्या जरासं पुढे. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबानं पनवेलचा सूर्य घड्याळाच्या साडेसदतीस मिनिटं मागे. मूल दुपारी बाराला झालं असं त्याच्या आजीनं कितीही ठासून सांगितलं, तरी आप्पांच्या वहीत ते अकरा वाजून साडेबावीस मिनिटांनीच जन्मायचं.

माणूस वयस्कर असला तर चौकशी आणखी वाढे. जन्म मुंबईचा का? मग वेळ कुठली, स्टँडर्ड की मुंबई टाइम? मुंबईनं आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, आणि ती स्टँडर्डच्या ३९ मिनिटं मागे होती. लढाईच्या काळात, १९४२ ते १९४५, सरकारनं घड्याळं तासभर पुढे केली होती, तो तास निराळा वजा करायचा. मी आठवीत असताना ही सगळी वजाबाकी आप्पांनी माझ्यावर सोपवली. मला भविष्यात रस नव्हता, त्रैराशिकात होता. पुढे चौतीस वर्षं पनवेलमध्येच गणित शिकवलं, त्याची सुरुवात आप्पांच्या पाटावर झाली असं मी मानते.

म्हणून कोणी ज्योतिषाला सरसकट थोतांड म्हटलं की मला लागतं. आणि कोणी सरसकट शास्त्र म्हटलं की जास्त लागतं.

आपण ‘ज्योतिष’ या एकाच शब्दात दोन बिऱ्हाडं ठेवली आहेत. एक गणिताचं: सूर्य, चंद्र, ग्रह कुठे आहेत, अमावास्या कधी संपते, ग्रहण कधी लागतं. दुसरं फलिताचं: त्यावरून तुमची नोकरी, लग्न, आजारपण कसं. पहिलं बिऱ्हाड आपल्याकडे फार जुनं आहे. लगधाचं ‘वेदांग ज्योतिष’ यज्ञाची वेळ ठरवण्यासाठी झालं. त्यात तिथी आहेत, सत्तावीस नक्षत्रं आहेत, पाच वर्षांचं युग आहे. बारा राशी नाहीत, जन्मकुंडली तर नाहीच.

कुंडली आली बाहेरून. बाबिलोनचे पुरोहित राजासाठी आकाशातले शकुन मातीच्या विटांवर लिहून ठेवत. ‘एनुमा अनु एनलिल’ नावाचा त्यांचा संग्रह सुमारे सत्तर विटांचा आहे. तिथंच इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात क्रांतिवृत्ताचे बारा सारखे भाग पडले, आणि आज हाती असलेली सर्वांत जुनी जन्मपत्रिकाही तिथलीच, इ. स. पू. ४१० ची. मग ग्रीकांनी त्यात लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, आणि स्थानं आणली, आणि इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ते सगळं जहाजातून आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागलं. ‘यवनजातक’ या संस्कृत ग्रंथाच्या नावातच ते लिहिलेलं आहे. वराहमिहिरानं सहाव्या शतकात ‘बृहज्जातका’त राशींची क्रिय, तावुरि, जितुम, लेय अशी ग्रीक नावं दिली आहेत, आणि ‘बृहत्संहिते’त यवन म्लेच्छ असले तरी या शास्त्रात ऋषींसारखे पूज्य आहेत, असं मोकळ्या मनानं म्हटलं आहे. आज त्याला कोणी देशद्रोही म्हटलं नाही म्हणजे मिळवलं.

शब्द तर आपण रोज तोंडात घोळवतो. ‘माझा होरा चुकला’ म्हणतो तो होरा मूळचा ग्रीक, तास या अर्थाचा. ‘केंद्र’ही ग्रीकच, केंद्र सरकारला हे कोणी कळवावं.

होरा म्हणजे काय ते आप्पांनी मला वारांवरून शिकवलं, आणि मी पुढे ते प्रत्येक वर्गाला शिकवलं. ग्रह सावकाश चालणाऱ्यापासून भरभर चालणाऱ्यापर्यंत लिहा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचा एकेक तास एकेका ग्रहाला ओळीनं द्या. शनिवारी पहिला तास शनीचा. सातांच्या तीन फेऱ्या झाल्या की एकवीस तास संपतात. बाविसावा पुन्हा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. पंचविसावा, म्हणजे उद्याचा पहिला, रवीचा. म्हणून शनिवारनंतर रविवार. तसेच पुढे मोजत जा, सगळा आठवडा येतो. आकाशात वार कुठे दिसत नाहीत. ही निव्वळ चोविसाला सातानं भागून उरलेल्या तीनची करामत. आपल्याकडे कोरीव लेखात वार पहिल्यांदा सापडतो तो मध्य प्रदेशात एरणला, इ. स. ४८४ मध्ये.

गणिताच्या बिऱ्हाडाचा आपल्या रायगड जिल्ह्यातला मोठा माणूस मात्र जिल्ह्यातल्याच मुलांना ठाऊक नसतो. मुरूड-जंजिऱ्याच्या वाटेवर समुद्रालगत नांदगाव आहे. तिथल्या गणेश दैवज्ञानं शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिला. त्यात त्यानं ज्या-कोज्यांची कटकट काढून टाकली आणि दिवस मोजायला ४०१६ दिवसांचं, म्हणजे सुमारे अकरा वर्षांचं चक्र घेतलं, त्यामुळे मोठमोठे आकडे आपोआप आटोक्यात आले. मग खेड्यातल्या जोशालाही पंचांग करता येऊ लागलं, आणि तीन-साडेतीनशे वर्षं महाराष्ट्रात त्याच पोथीवर पंचांगं निघाली. या गणेशाचे वडील केशव दैवज्ञ हेही मोठे गणिती. त्यांनीच पत्रिकेच्या गणिताची ‘जातकपद्धती’ लिहिली. म्हणजे दोन्ही बिऱ्हाडं एकाच घरात होती आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. आमच्याही घरात तेच.

दोन्हींची परीक्षा एकाच दिवशी पाहिली ती १६ फेब्रुवारी १९८० ला. शनिवार, अमावास्या, दुपारी सूर्यग्रहण. कारवारकडे खग्रास, आमच्याकडे खंडग्रास. आळीत दारं-खिडक्या बंद. आप्पा पंचांग मांडीवर घेऊन, घड्याळ समोर ठेवून माजघरात बसले होते. कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे सारवलेल्या जमिनीवर पडत, ते रोज गोल असत. पंचांगात दिलेल्या स्पर्शकाळानंतर, म्हणजे ग्रहण लागण्याच्या वेळेनंतर, थोड्याच वेळात पहिल्या कवडशाची कड खाल्ली गेली, आणि तासाभरात जमीनभर चंद्रकोरी पसरल्या. आप्पा एरवी फार बोलत नसत. त्या दिवशी घड्याळावर बोट आपटून म्हणाले, “बघ! लिहिलं होतं तसं.”

त्याच पानावर शेजारच्या रकान्यात ग्रहणाची राशिफळंही होती. आप्पांच्या राशीला द्रव्यलाभ. तो महिना दुकानदाराच्या उधारीवर गेला. मी ते बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी पंचांग मिटलं.

आणखी एक गोष्ट सांगते. मी कॉलेजात असताना जवळच्या गावातल्या एक बाई मुलीची पत्रिका घेऊन आल्या. सातव्या स्थानात मंगळ, तीन स्थळं परत गेलेली. “आप्पा, वेळेचं जरा बघा ना. घरचंच बाळंतपण, घड्याळ कुठे होतं?” आप्पांनी विचारलं, वेळ लिहिली कशावरून? “भाताच्या गिरणीचा भोंगा नुकता झाला होता, त्यावरून.” आप्पांनी बोटांवर हिशेब केला. जन्म पंचवीस मिनिटं उशिरा धरला तर लग्नरास पुढची येते आणि मंगळ सातव्यातून सहाव्यात जातो. सहावा चालतो. त्यांनी नवी पत्रिका लिहून दिली, दक्षिणा घेतली नाही. बाई गेल्यावर मी म्हटलं, “आप्पा, हे बरोबर आहे का?” ते म्हणाले, “मुलीचं लग्न अडलंय. मंगळाचं काय जातंय?”

त्या रात्री मी वहीत साधा हिशेब केला. मंगळ दोषाचा धरायचा पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, बाराव्या स्थानात. बारातली पाच स्थानं, म्हणजे शंभरातल्या चाळिसांहून जास्त लोकांना ‘मंगळ’. साडेसाती तीन राशींना असते, म्हणजे कुठल्याही दिवशी पनवेलातला दर चौथा माणूस साडेसातीत. गुणमेलनात एकच नाडी आली तर आठ गुण शून्य, आणि नाड्या तीनच, म्हणजे दर तिसरं स्थळ तिथं अडणार. इतक्या भोकांच्या जाळ्यात कोण ना कोण सापडणारच.

आधुनिक विज्ञान याला काय म्हणतं? हा प्रश्न महाराष्ट्रातच रीतसर विचारला गेला. २००८ साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी ज्योतिष केलेले प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे पत्रिका जमवल्या: शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. कुठली पत्रिका कोणत्या मुलाची, एवढंच ज्योतिषांनी सांगायचं. ५१ जणांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका घेतल्या, उत्तरं पाठवली २७ जणांनी. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के. एका संस्थेनं सगळ्या दोनशे तपासल्या, त्यांची १०२ बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. हे सगळं २००९ मध्ये छापून आलं. अमेरिकेत शॉन कार्लसन यांनी घेतलेली ज्योतिषांची चाचणी १९८५ मध्ये छापून आली होती, निकाल तोच.

दरबारी मान मात्र घटलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २००१ मध्ये ज्योतिषाचे अभ्यासक्रम मंजूर केले, त्यावरचं आव्हान सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये फेटाळलं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंही जोशी-ज्योतिषांचा सल्ला आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे.

आणि आकाश? ते सरकलं आहे. उत्तरायण खरं सुरू होतं २१-२२ डिसेंबरला. आपली मकरसंक्रांत येते १४-१५ जानेवारीला, टिळक पंचांगवाल्यांची १० जानेवारीला. सुमारे ७२ वर्षांत एक अंश, असं हे अंतर वाढतं आहे. मग माझी रास नेमकी कुठून मोजायची? याच वादावर टिळकांच्या काळात ज्योतिष परिषदा भरल्या. तिथली भांडणं गणिताची होती, म्हणून ती वेधानं तपासता येत होती. फलिताची भांडणं कशानं तपासायची, ते मला आप्पांनीही सांगितलं नाही.

इथून दिसणारं पुढचं सूर्यग्रहण जवळ आलं आहे. २ ऑगस्ट २०२७, सोमवार, दुपारनंतर, पनवेलमधून खंडग्रास. पावसाचे दिवस आहेत, ढग नसले तरच दिसेल. वडाळे तलावाच्या काठी जागा मोकळी आहे, मुलांना घेऊन या. नुसत्या डोळ्यांनी बघू नका. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा आणि खाली पांढरा कागद धरा. येताना पंचांगाचं ते पान आणा. स्पर्शाची वेळ घड्याळाशी ताडून बघा, आणि शेजारच्या रकान्यातलं आपल्या राशीचं फळ तारखेसकट एका कागदावर उतरवून ठेवा. वर्षानं तो कागद काढून वाचा.