डबा कुणाबरोबर उघडला?

वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारायचा : मधल्या सुट्टीत तू डबा कुणाबरोबर खातोस? मग कागदावर मुलागणिक एक ठिपका काढायचा आणि उत्तरांप्रमाणे रेघा जोडायच्या. मधोमध रेघांची दाटी होते. कडेला तीन-चार ठिपके आपसांतच जोडलेले राहतात, बाकीच्या वर्गाकडे त्यांची एकही रेघ जात नाही. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या शाळांत असेच नकाशे काढले होते. मूल शाळेत आलं, एवढं पट सांगतो. ते मिसळलं का, हे या रेघांवरून कळतं.

अशाच रेघा मोठ्या प्रमाणावरही तपासल्या गेल्या : २०२२ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे ७.२ कोटी फेसबुक वापरकर्त्यांच्या २,१०० कोटी मैत्र्यांचं जाळं अभ्यासलं. ज्या भागात गरिबांना सधन मित्र जास्त, तिथली गरीब मुलं मोठेपणी जास्त कमावतात, असं त्यात दिसलं. गरीब आणि सधन थरांतल्या दुराव्याची त्यांनी फोडही केली. साधारण निम्मा दुरावा शाळा-वस्त्या वेगळ्या असल्यामुळे. उरलेला निम्मा मात्र एका छपराखाली असूनही मैत्री न झाल्यामुळे! मला हा दुसरा निम्मा फार अस्वस्थ करतो.

त्यावर उपाय आहे का? दिल्लीत २००७ पासून बड्या खासगी शाळांना गरीब मुलांना प्रवेश देणं भाग पडलं. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या आद्याक्षरानुसार पडत, म्हणजे गटात कोण येणार हे निव्वळ नशिबावर. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी तिथल्या सधन मुलांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितलं. काहींनी वेगवान गरीब मुलाला डावलून हळू धावणारा श्रीमंत मुलगा घेतला. ज्यांच्या अभ्यासगटात गरीब मुलं होती, त्यांच्यात हे डावलणं कमी आढळलं.

आपल्याकडे महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांना कात्री लावणारा फेब्रुवारी २०२४ चा नियमबदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच जुलैत रद्द केला. जागा वाचल्या. या मुलांना वेगळं बसवू नये, असं केंद्राच्या २०१० च्या आदर्श नियमांतही आहे. पण प्रवेशाची सोडत लागली की आपली चौकशी संपते.

वर्गशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे : यंदा प्रकल्पाचे गट मुलांवर सोडू नका, हजेरी क्रमांकाने पाडा. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर डब्याचा तोच प्रश्न विचारून ठिपके पुन्हा जोडून बघा.