सील शाबूत, माल भलत्याच दारात

भिवंडीत मानकोली, दापोडा, वळ, काल्हेर अशा गावांतून गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. तिथून गाडी सुटताना सीलचा नंबर कागदाशी ताडतात आणि पलीकडे माल उतरवून घेणाऱ्याचा सही-शिक्का घेतात. सील शाबूत राहिले, पण माल भलत्याच्याच दारात उतरला, तर त्या सीलचे करायचे काय? बँका आणि विमा कंपन्या ज्या मेनफ्रेम संगणकांवर हिशेब ठेवतात, तिथल्या फायलींच्या वाहतुकीत नेमकी ही दुसरी तपासणी राहून जाते, असे माझे म्हणणे आहे.

फाइल पाठवण्याची एफटीपी ही पद्धत १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिली. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. तेव्हा जाळ्यावर मूठभर संस्था होत्या, त्यामुळे पासवर्डही पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा गेला तरी कुणाचे बिघडत नसे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पाळत ठेवून कुणीतरी असे पासवर्ड चोरले, तेव्हा तातू युलोनेन या संशोधकाने एसएसएच ही कुलूपबंद जोडणीची पद्धत तयार केली. तिच्या आधाराने चालणारी एसएफटीपी सगळा मजकूर कुलूपबंद करून नेते, आणि आयबीएमच्या झेड-ओएस या मेनफ्रेम प्रणालीसोबत ती आता आपसूक मिळते. म्हणजे सीलची सोय झाली. पण पहिल्यांदा जोडणी करताना समोरच्या यंत्राच्या किल्लीचा ठसा, म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ, पडद्यावर उमटते आणि पुढे जायचे का, असा प्रश्न येतो. ती ओळ समोरच्या संस्थेकडून वेगळ्या वाटेने, फोनवर किंवा कागदावर, आधीच मागवून अक्षरन् अक्षर ताडायची असते. ऑपरेटर मात्र ‘यस’ टाइप करून मोकळा होतो. रात्रीच्या बॅचमध्ये तर ‘यस’ म्हणायलाही कुणी नसते, म्हणून कित्येकदा ती तपासणीच बंद करून ठेवतात.

आमची लाइन आतली आहे, तिथे कोण येणार, असे यावर म्हटले जाते. पण २०१२ मध्ये स्वीडनमधल्या लॉजिका कंपनीच्या मेनफ्रेममध्ये घुसखोर शिरले ते दुसऱ्यांची खाती वापरून, आणि फायली बाहेर गेल्या त्या एफटीपीने. आपल्या पुण्यातल्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण मेनफ्रेमचे नव्हे, पण धडा तोच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून आलेल्या मागण्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोचल्याच नाहीत. मध्ये बसवलेल्या बनावट स्विचने त्या परस्पर मंजूर केल्या. तोतया बसला होता तो बँकेच्या आतल्याच वाटेवर.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: एसएफटीपीवर गेलो की जुने जॉब बिघडतात. हे खरे आहे. मेनफ्रेमची लिपीच वेगळी. इतरत्र ‘A’ हे अक्षर ४१ या संकेताने लिहितात, तिथे सी१ ने. एफटीपी हे रूपांतर वाटेतच करून देई आणि मेनफ्रेमचे डेटासेट थेट उचली. एसएफटीपी न सांगता रूपांतर करत नाही, आणि मुळात ती युनिक्स पद्धतीच्या फायलींवर चालते. त्यातून पगाराच्या फायलीत रकमा ‘पॅक्ड डेसिमल’मध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी आकडे आवळून लिहिलेल्या रूपात, असतील, तर सरसकट रूपांतराने नावे सुधारतात आणि रुपयांचा चुथडा होतो. म्हणून प्रत्येक फाइलची रचना एकदा उघडून पाहावी लागते, आणि त्यात महिने जातात. या कामाला कंटाळूनच पुष्कळ ठिकाणी जुनी एफटीपी ‘तात्पुरती’ चालू राहते.