पदवीचा हिशेब – ४ : एकच वर्ग, दोन किमती

‘इंजिनिअरिंगला आता काही अर्थ उरलाय का?’ निकाल लागला की हा प्रश्न घरोघरी निघतो. एक मावसभाऊ पुण्यात आयटीत असतो, दुसरा दोन वर्षं घरी बसलेला असतो आणि जो तो आपल्या सोयीचा भाऊ पुढे करतो. या मोघम प्रश्नाच्या नादी लागू नका. हातात आलेली सीट घरातून एकूण किती पैसे काढणार, तेवढं आधी बघा.

त्यात सीट कुठल्या वाटेने आली याला फार महत्त्व आहे. राज्यात २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क सरकार भरतं. अट अशी की प्रवेश कॅप राउंडमधून हवा. तीच मुलगी, तेच कॉलेज, तीच ब्रँच, पण सीट मॅनेजमेंट कोट्यातली असेल तर सवलत नाही. ‘कॅपमध्ये मनासारखं कॉलेज लागलं नाही, कोट्यातून घेऊन टाकू’ असं म्हणताना हे गणित बऱ्याच घरांत कुणी मांडलेलंच नसतं. आणि फी माफ झाली तरी हॉस्टेल-मेस माफ होत नाही. पुण्या-मुंबईत तोच मोठा खर्च ठरतो.

आता कर्ज. समजा, दरवर्षी दीड लाख असं चार वर्षांत ६ लाख उचललं, व्याज १० टक्के. शिक्षण चालू असताना आणि नंतर वर्षभर हप्ता नसतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. व्याज मात्र पहिला चेक निघाल्यापासून चढत असतं. सरळव्याजाने धरलं तरी हप्ता सुरू होतो तेव्हा ६ लाखांचे ८ लाख १० हजार झालेले असतात. दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता बसतो महिना साधारण १०,७०० रुपये. तेच व्याज दरमहा भरत गेलात, म्हणजे पहिल्या वर्षी साडेबाराशे आणि वाढत वाढत शेवटी पाच हजार, तर हप्ता ७,९०० च्या आसपास येतो. जमत असेल तर हे करावंच, असं माझं ठाम मत आहे.

हा हप्ता पगाराशी ताडून बघायचा. कॉलेजच्या फ्लेक्सवरचं ‘हायेस्ट पॅकेज’ एखाद्याच मुलाचं असतं, ते सोडून द्या. साडेचार लाखांच्या पॅकेजात पीएफ, ग्रॅच्युइटी धरलेली असते. हातात तीस-बत्तीस हजार पडले तरी बरं. त्यातला एक-तृतीयांश हप्त्यात गेला की उरलेल्यात खोलीभाडं आणि डबा बसवायचा.

मग खरा आकडा कुठे मिळतो? एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांची आकडेवारी त्यांच्या संकेतस्थळावर असते. किती जण वेळेत पास झाले, कितींना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे तिथे वाचा. हा मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. म्हणून बाजूचा एकूण विद्यार्थ्यांचा रकाना आधी बघा. १२० पैकी ४० जणांचा मध्यक पगार कितीही चांगला असला, तरी उरलेल्या ऐंशी जणांबद्दल तो काहीच सांगत नाही.

(पुढील लेखात : दहावीनंतर पॉलिटेक्निक आणि थेट दुसरं वर्ष)