उसाच्या चिपाडापासून रसायने: कळीचा प्रश्न उत्प्रेरकाचा

साखर कारखान्यात एक टन ऊस गाळल्यावर सुमारे २५० ते ३०० किलो ओले चिपाड, म्हणजेच बगॅस, मागे उरते. त्यातील बहुतांश बगॅस कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जळते. मात्र या चिपाडात झायलोज या शर्करेच्या साखळ्या असतात. आम्लासह तापविल्यास त्या सुट्या होतात, झायलोजच्या प्रत्येक रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून जातात आणि फर्फ्युरल हा द्रव तयार होतो. खनिज तेलाचा थेंबही न वापरता मिळणारे हे रसायन आहे.

फर्फ्युरल नवे नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान ड्योबरायनर यांनी १८३२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. प्लॅटिनमच्या साहाय्याने हायड्रोजन पेटविणारा दिवाही त्यांचाच. उत्प्रेरकाच्या अगदी सुरुवातीच्या व्यावहारिक उपयोगांपैकी तो एक. अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीने १९२२ मध्ये ओटच्या टरफलांपासून फर्फ्युरलचे व्यापारी उत्पादन सुरू केले. आज या उत्पादनात चीन आघाडीवर असून तेथे दाणे काढलेली मक्याची कणसे वापरली जातात.

फर्फ्युरलपुढे कोणती वाट उघडेल, हे उत्प्रेरक ठरवतो. रेणूत एक वलय आणि त्याला जोडलेला अल्डिहाइड गट असतो. हायड्रोजनसोबत तांबे वापरले तर मुख्यतः अल्डिहाइड गटावरच क्रिया होते, वलय शाबूत राहते आणि फर्फ्युरिल अल्कोहोल मिळते. निकेल असेल तर हायड्रोजन वलयालाही जोडला जातो. पॅलेडियमवर कार्बन मोनॉक्साइड निघून जाऊन फ्युरान उरू शकतो. कच्चा माल तोच, पण धातू बदलला की वस्तू बदलते.

यांपैकी फर्फ्युरिल अल्कोहोलला सर्वाधिक मागणी आहे. ओतकाम कारखान्यांत वाळूचे साचे घट्ट बांधणारे रेझिन त्यापासून बनते. अडचण अशी, की त्यासाठी अनेक दशके तांबे-क्रोमियमचा उत्प्रेरक वापरला जात आहे. निकामी झालेल्या उत्प्रेरकातील क्रोमियमची विल्हेवाट लावणे जिकिरीचे असते. त्याचे षट्संयुजी रूप कर्करोगकारक आहे. वनस्पतिजन्य म्हणून ‘हरित’ म्हणवणाऱ्या उत्पादनाच्या मागे असा कचरा राहावा, ही विसंगतीच. म्हणून सिलिका किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडवर बसविलेल्या तांब्यासारख्या क्रोमियमविरहित पर्यायांवर संशोधन होत आहे.

पर्याय प्रयोगशाळेत चालला म्हणजे काम झाले, असे नव्हे. खनिज तेल शुद्धीकरणासाठी घडविलेले अनेक उत्प्रेरक गरम पाण्यात टिकत नाहीत. वनस्पतिजन्य प्रक्रियांत तर पाणी सर्वत्र असते. शिवाय फर्फ्युरल स्वतःशीच जोडले जाऊन काळी, डांबरासारखी राळ बनते आणि उत्प्रेरकाचा पृष्ठभाग झाकून टाकते. पहिल्या तासाच्या उताऱ्यापेक्षा शेकडो तासांनंतरचा उतारा कारखानदारासाठी मोलाचा असतो. राळ जाळून उत्प्रेरक पुन्हा वापरता येतो, पण त्या उष्णतेत तांब्याचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि त्याची कार्यक्षमता घटते.

साखर कारखान्यांपुढे आणखी एक हिशेब आहे. बगॅसवरच त्यांची वाफ आणि वीज अवलंबून असते. झायलोज काढून घेतल्यावर उरलेला सेल्युलोज व लिग्निनचा चोथा बॉयलरमध्ये जाळता येतो, मात्र त्याआधी त्यातील आम्ल धुऊन तो वाळवावा लागतो.